सोजरबाईंची विनापरवाना सुधारणा

बेला हे मंडलाचं, म्हणजे तालुक्यासारखं, गाव झालं, त्याच वर्षी आमच्या ख्रिस्ती मंडळीत एकमेकांना प्रेमाने सुधारण्याची समिती स्थापन झाली. त्याआधी लोक एकमेकांना सुधारत नसत असं नाही, पण त्याला पद्धत नव्हती. ज्याला जे खटकेल ते तो तोंडावर सांगून मोकळा व्हायचा आणि मग दोघे चहा प्यायचे. तहसीलच्या नोकरीतून निवृत्त झालेले अमृतराव समितीचे चिटणीस झाले आणि हा सावळागोंधळ संपला.

भावाचा दोष आधी एकांतात सांगावा, असं बायबलात आहे. म्हणून त्यासाठी छापील अर्ज, नमुना एक, निघाला. पण एकांत होता याला पुरावा काय, असा मुद्दा अमृतरावांनी काढला. तेव्हापासून प्रत्येक एकांताला दोन साक्षीदार बसू लागले. त्यातला कायमचा एक मी. गुप्तता राहावी म्हणून आम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचो. मग मिसल, म्हणजे कागदांची फाईल, तयार व्हायची आणि तिच्यावर ‘प्रेमाने’ असा शिक्का पडायचा. सहा महिन्यांत एकशे बारा दोष निघाले. मंडळीत माणसं एकसष्ट होती.

अशात भाजी विकून एकुलत्या लेकीला वाढवणाऱ्या सोजरबाई चुकल्या. एका दुपारी अंबाडीची जुडी घेऊन त्या अमृतरावांच्या घरी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. पांडुरंगराव तुमचे सख्खे भाऊ. नऊ वर्षं झाले, चर्चात एका बाकावर बसून राह्यले अन् बोलत नाही. मनात वैर ठेवून प्रभुभोजन घेता दोघंबी. एकदा बोला त्यायच्यासंग."

अमृतरावांनी शांतपणे विचारलं, "नमुना एक कुठी हाय?"

"कागद काऊन लागते, भाऊजी? मी तं तुमच्यासाठी आली."

"साक्षीदार?"

"कोणालेच नाही सांगितलं."

हा कबुलीजबाब धरण्यात आला.

सोजरबाईंच्या लेकीचं, भागीरथाचं, लग्न नार्नूरच्या मुलाशी ठरलं होतं, आणि तिकडची ख्रिस्ती मंडळी आमच्या मंडळीकडून घरच्यांच्या चांगल्या वागणुकीचा दाखला मागत होती. समितीने तो रोखला. आरोप तीन: नमुन्याशिवाय सुधारणा, खरोखरच्या एकांतात सुधारणा, आणि अंबाडीची लाच. सोजरबाई चर्चच्या पाळकांकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, माझ्यावरच चौदा मिसली चालू आहेत."

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा समितीने दयेचा मार्ग काढला. दोन्ही भावांचे संबंध उत्तम असल्याचं सोजरबाईंनी लिहून द्यावं आणि खुद्द दोघा भावांनी त्यावर सही करावी. अमृतरावांनी सही केली. ते पांडुरंगरावांशी बोलत नसल्यामुळे कागद माझ्या हातून टेबलाच्या पलीकडे गेला. पांडुरंगरावांनीही सही केली. सोजरबाईंनी अंगठा लावला आणि म्हणाल्या, "लेकीसाठी खोटं लिवून देऊन राह्यली, देवा." हे वाक्य नोंदवण्यात आलं नाही.

दाखला मिळाला, लग्न छान झालं. सोजरबाई त्यानंतर कुणाला काही सांगत नाहीत. मला लाज वाटली, पण मी तेव्हाही भिंतीकडेच पाहत होतो.

हे वाचताना तुम्हाला ओळखीतला एखादा अमृतराव आठवला असेल, आणि त्याला हे वाचून दाखवावं असं मनात आलं असेल. जरूर दाखवा. पण उद्या भाजीची जुडी घेऊन कुणी एकटंच तुमच्या दारात आलं, तर तुम्ही आधी काय विचाराल?