रेघ सरळच आहे

मागच्या खोलीच्या भिंती आपणच रंगवायच्या असं काटकोनांनी ठरवलं, म्हणजे खरं तर त्यांच्यावर ती वेळ आली. काटकोन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात कुणाच्याही कुंपणाला अर्ध्या इंचाची सवलत दिली नाही, म्हणून कचेरीतल्या लोकांनी ते नाव ठेवलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं, आणि स्वभाव तर नाहीच नाही.

घर जुनं होतं. काटकोनांनी ते विकत घेतलं तेव्हाच त्याने चाळिशी ओलांडली होती आणि त्यालाही आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. मागच्या खोलीच्या रंगाचे पोपडे रोज सकाळी केरसुणीत यायचे. "पुढच्या महिन्यात बघू," असं काटकोन अकरा वर्षं म्हणत आले होते. शेवटी एका सकाळी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवता ठेवता बायकोने सांगितलं, की तिच्या धाकट्या भावाने एक फ्लॅट बघून ठेवलाय. सातवा मजला, गुळगुळीत भिंती. हो की नाही, ते रविवारपर्यंत कळवायचं आहे.

काटकोनांनी कप दूर सारला. ह्या घरात त्यांचा हात न बघता दिव्याच्या बटणावर जायचा. मागच्या पायरीवर बसलं की उन्हात पाठ शेकायची. सातव्या मजल्याला मागची पायरी नसते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"ती खोली नीट झाली, तर?" त्यांनी विचारलं.

"कोण करणार नीट?"

"मी."

बायको हसली नाही. हे वाईट लक्षण होतं. "रविवारच्या आत करून दाखवा," ती म्हणाली. "नाव ठेवायला जागा राहिली नाही, तर इथेच राहू."

सोमवारी काटकोन कामाला लागले. पत्र्याच्या पट्टीने त्यांनी भिंत खरवडायला घेतली. पिवळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा, आणि निळ्याखाली असा एक गुलाबी निघाला, की आधीच्या मालकाबद्दलचं त्यांचं मत कायमचं बदललं. भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाली. ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून झाली. दोन दिवस घरात चहापासून चादरीपर्यंत सगळ्यावर पांढरी धूळ होती, पण बायकोने एकदाही कुरकुर केली नाही. उलट चहावर बशी झाकून आणून द्यायची. हे जरा विचित्रच होतं, पण हातात ब्रश असलेल्या माणसाला असल्या गोष्टी जाणवत नाहीत.

बुधवारी प्रायमर झाला. खाली राखाडी ऑइलपेंट, वर मोतिया रंग, आणि दोघांच्या मध्ये खोलीभर फिरणारी दोन बोटं रुंद तपकिरी रेघ, असा काटकोनांचा बेत होता. आणि त्या रेघेपाशीच घोडं पेंड खाणार होतं.

साधा रंगारी काय करतो? फरशीपासून साडेतीन फूट मोजतो, चार कोपऱ्यांत खुणा करतो, दोरी ताणतो आणि मोकळा होतो. पण काटकोन जमिनीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी तिचेच नखरे पाहिले होते. त्यांनी पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक दाराजवळ खिळ्याला बांधलं आणि दुसरं हातात धरून भिंतीभिंतीने फिरले. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं आणि ते कुणाचं ऐकत नाही, म्हणून काटकोनांना पाण्याबद्दल फार आदर होता. बारा ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा झाल्या. गेरू लावलेली दोरी ताणून छाप मारला. गुरुवारी दिवसभर रंग दिला, आणि शुक्रवारी दुपारी कागदी टेप सोलून काढली, तेव्हा त्यांना धन्य वाटलं. इतकी सरळ रेघ त्या अख्ख्या गल्लीत नव्हती.

संध्याकाळी बायको आणि तिचा भाऊ खोली बघायला आले. भाऊ दाराशीच थांबला आणि त्याने हळूहळू मान एका बाजूला कलती केली. मग बायकोनेही केली.

"भाऊजी," तो जपून म्हणाला, "रेघ तिरकी गेली."

"रेघ सरळच आहे."

"अहो, सरळ कशी?" बायको म्हणाली. "दाराशी कमरेला लागतेय आणि खिडकीशी छातीला."

"कंबर-छाती काही नाही. साडेतीन इंचांचा फरक आहे." काटकोनांनी बुडबुड्याची पाणसळ आणून रेघेवर टेकवली. बुडबुडा मधोमध येऊन शहाण्यासारखा बसला. एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण खरं सिद्ध करायला लागलेला माणूस थांबत नाही. त्यांनी तीच पाणसळ फरशीवर ठेवली, तर बुडबुडा दाराकडे पळाला. मग खिशातून एक गोटी काढून दाराशी ठेवली. ती आपणहून निघाली आणि खोली ओलांडून खिडकीखालच्या भिंतीवर टक्कन आपटली.

"बघा," काटकोन म्हणाले. "रेघ सरळ आहे. घर तिरकं आहे."

हे वाक्य उच्चारताना त्यांना जिंकल्यासारखं वाटलं. ते सुख फार तर चार सेकंद टिकलं असेल.

"तिरकं म्हणजे?" बायकोने खाली बसून गोटी उचलली. "खचतंय की काय घर?"

तिला एकेक आठवायला लागलं. त्या खोलीतल्या टेबलाच्या एका पायाखाली ती वर्षानुवर्षं कागदाची घडी घालत होती आणि सुताराला बोल लावत होती. कपाटाचं दार आपोआप उघडायचं, तर दोष बिजागरीला. आणि काटकोनांकडे बघावं, तर जगाच्या जमिनी मोजत फिरलेल्या ह्या माणसाने स्वतःच्या घराला एकदाही टेप लावली नव्हती. आता ते कात्रीत सापडले होते. रेघ सरळ म्हणावी, तर घर धोक्याचं ठरत होतं. घर ठीक आहे म्हणावं, तर रेघ तिरकी, म्हणजे काम फसलं. दोन्हीकडून सातवा मजलाच येत होता.

मेहुण्याने मध्यममार्ग काढला. रेघ जरा सरकवून फरशीला समांतर करावी, म्हणजे डोळ्यांना टोचणार नाही.

"मी मेलो तरी ही रेघ हलणार नाही," काटकोन म्हणाले, आणि ते खोटं बोलत नाहीत हे बायकोला अठ्ठावीसहून अधिक वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. मेहुण्याने हात टेकले. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, जुन्या बांधकामातलं त्यांना कळतं, त्यांना उद्या दुपारी घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

शनिवारी सकाळी बायको बाजारात गेली आणि काटकोन एकटेच खोलीत उभे राहिले. मिस्त्री येणार, ती रेघ बघणार, फरशी बघणार आणि "घर सोडा" म्हणणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. रेघच जर फरशीबरोबर उतरली, तर कुणाला कलतं काही दिसणार नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल म्हातारा कशाला बोलेल? त्यांनी दार लोटून घेतलं. फरशीपासून साडेतीन फूट मोजलं आणि आयुष्यातली पहिली खोटी खूण केली. एकीकडे राखाडीवर मोतिया चढवला, दुसरीकडे मोतियावर राखाडी, आणि दाराकडून खिडकीकडे उतरत जाणारी तपकिरी रेघ ओढली. शेजारच्याची जमीन चोरणाऱ्या माणसाला कसं वाटत असेल ते त्यांना त्या दिवशी समजलं. पण दारातून पाहिलं तर खोली अगदी ठाकठीक दिसत होती.

बारा वाजता बायको, तिचा भाऊ आणि मिस्त्री एकदमच दारात आले. बायको पुढे झाली. "ही बघा मिस्त्रीकाका, किती तिरकी..." एवढं बोलून ती थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सरळ झाली," ती म्हणाली.

"बरं झालं की," काटकोन भिंतीकडे बघत पुटपुटले.

"बरं काय झालं? काल तिरकी होती, आज सरळ दिसतेय. तुमची रेघ हलणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणजे घर हललं."

आपल्या हट्टावर बायकोचा पायाच्या दगडांहून जास्त भरवसा आहे, हे काटकोनांना त्या क्षणी कळलं. त्यांना काही सुचायच्या आत ती स्वयंपाकघराकडे धावली होती. आधी दुधाचं पातेलं बाहेर गेलं, मग कागदपत्रांची पेटी, मग शिवणयंत्र. भावाने न विचारता दोन खुर्च्या रस्त्यावर नेऊन ठेवल्या. मिस्त्रींना त्यांतली एक बरी वाटली, म्हणून ते तिच्यावर बसले. पुढल्या पाच मिनिटांत शेजारच्या खिडक्यांतून डोकी दिसायला लागली आणि कुणीतरी गॅसची टाकी आधी काढा असा सल्लाही दिला.

काटकोन तिच्या मागे मागे फिरत "अगं, ऐक तरी," म्हणत होते. ती ऐकत नव्हती. गादी उचलायला म्हणून ती मागच्या खोलीत आली आणि एकाएकी सगळं सोडून भिंतीला हात टेकून रडायला लागली.

"इतकी वर्षं सांभाळलंस रे आम्हाला," ती भिंतीला म्हणाली, "आणि आम्ही तुझ्याकडे एकदा धड बघितलंसुद्धा नाही."

काटकोनांना गलबलून आलं. फ्लॅटमध्ये जायला निघालेली बाई भिंतीशी असं बोलत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं, पण त्यावर विचार करायला सवड नव्हती. बायकोने डोळे पुसायला हात उचलला होता आणि तिची नजर तळव्यावर गेली होती. तळवा राखाडी झाला होता.

"हा ओला कसा?"

काटकोन पुढे झाले. "घर हललं नाही. रेघ मी हलवली."

"तुम्ही?"

"सकाळी. तू बाजारात गेलीस तेव्हा." त्यांचा आवाज फारच बारीक झाला. "मला हे घर सोडायचं नाही गं. म्हणून खोटी रेघ ओढली."

तेवढ्यात मिस्त्री आत आले. त्यांनी काठीने फरशीवर दोन-तीन ठिकाणी ठोकलं, कोपरे निरखले, आणि दार अडकतं का, खिडकी अडकते का, असं विचारलं. दोन्ही अडकत नव्हती.

"खचलेलं घर दार लागू देत नाही," ते म्हणाले. "ही खोली नव्हतीच. हा व्हरांडा. मी आणि माझ्या बापाने ही फरशी घातली. पावसाचं पाणी बाहेर जायला हवं, म्हणून उतार काढला. पुढे मालकाने भिंती घालून घेतल्या, फरशी तशीच राहिली."

"फुटाला पाव इंच?" काटकोनांनी एकदम विचारलं.

"फुटाला पाव इंच."

चौदा फुटांची खोली, साडेतीन इंच. काटकोनांनी मनातल्या मनात गुणाकार दोनदा करून पाहिला. खचणारं घर इतकं हिशेबात खचत नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते तिथेच, रंगाच्या डब्यावर, मटकन बसले. बायकोने राखाडी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. सदरा गेला, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"म्हणजे घर चांगलं आहे," ते मेहुण्याला म्हणाले. "आता त्या फ्लॅटवाल्याला नाही म्हणून कळवून टाक."

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. बहीण खिडकीबाहेर बघत होती.

"कुणाला कळवू, भाऊजी?" तो शेवटी म्हणाला. "फ्लॅट नाहीच आहे. ताईने सांगितलं, मी मान डोलावली."

काटकोनांनी बायकोकडे पाहिलं.

"अकरा वर्षं 'पुढच्या महिन्यात' ऐकलं," ती म्हणाली. "सातव्या मजल्याचं नाव काढलं तेव्हा कुठे तुमच्या हातात ब्रश आला. मला कशाला जायचंय इथून? मला फक्त भिंत हवी होती."

खरं म्हणजे इथे काटकोनांनी चिडायला हवं होतं. त्यांनी तसा प्रयत्न करूनही बघितला, पण राग काही येईना. त्याच्या जागी हसूच यायला लागलं आणि बराच वेळ थांबेना. सगळ्यांनी मिळून सामान आत आणलं. दूध नासलं नव्हतं. त्याचा चहा झाला, आणि चहा पिता पिता बायको सहज म्हणाली, की स्वयंपाकघराच्या भिंतीही काही फार चांगल्या राहिलेल्या नाहीत.

काटकोनांनी तिच्याशी वाद घातला नाही. मिस्त्री निघाले तेव्हा मात्र ते त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि कुणी ऐकत नाही असं बघून त्यांनी हळूच विचारलं, "स्वयंपाकघराचा उतार कुठल्या बाजूला आहे हो?"