महाराजांचा लंगडा पाय

एका जंगलात, जिथं शाळा नव्हती पण टॉकीज होतं, तिथं त्र्यंबक नावाचं एक मुंगूस राहत होतं.

मुलांनो, मुंगसाची नजर भारी तीक्ष्ण असते. गवतात सापाच्या शेपटीचं टोक हललं की ज्याच्या जेवणाची सोय होते, त्याला बारीकसारीक दिसावंच लागतं. त्र्यंबकला जरा जास्तच दिसायचं. बाकीचे प्राणी पिक्चर बघायला जात. त्र्यंबक पिक्चर तपासायला जाई.

"मघाशी हरणीच्या गळ्यात सात मण्यांची माळ होती. आता नऊ मणी आहेत," तो अंधारात कुजबुजे.

"गप रे, गाणं चालू आहे," शेजारचं अस्वल म्हणे.

पण पिक्चर सुटला की तेच अस्वल सगळ्यांना घेऊन त्र्यंबकभोवती बसे. "हं, आज काय काय सापडलं?" मग त्र्यंबक सांगे आणि सगळे पोट धरून हसत. त्र्यंबकला वाटे, आपण सत्याची सेवा करतो आहोत. असं वाटणं प्रकृतीला चांगलं असतं.

एकदा त्या जंगलात 'महापूर आणि महाराज' नावाचा पिक्चर आला. त्याची गोष्ट खरी होती, म्हणजे तसं सुरुवातीला पडद्यावर लिहिलं होतं. काही वर्षांपूर्वी जंगलात मोठा पूर आला होता. त्या पुरात वाघ महाराजांनी एकेका प्राण्याला पाठीवर घेऊन टेकडीवर कसं पोहोचवलं, ते त्यात दाखवलं होतं. दिग्दर्शक होता मनसाराम कोल्हा. पूर आला तेव्हा मनसाराम सासुरवाडीला गेला होता. त्यामुळे त्याला या विषयाकडे तटस्थपणे बघता आलं.

शेवटी द्वारकाआत्या नावाची म्हातारी रानम्हैस पुरात वाहून जाते. महाराज तिच्यामागे पाण्यात उडी घेतात, पण ती म्हणते, "महाराज, माझी काळजी सोडा, जंगल सांभाळा!" मग आठ मिनिटांचं गाणं. तेव्हा टॉकीजमध्ये कुणाचेही डोळे कोरडे राहत नसत. तिसऱ्या रांगेत बसलेली खरी द्वारकाआत्यासुद्धा रडली. सीनच तसा जमला होता.

त्र्यंबकनं तो पिक्चर अकरा वेळा पाहिला आणि चौतीस चुका काढल्या. फांदीवर आधी तीन पोपट होते, मग चार झाले, मग दोनच उरले. एवढ्या पुरात मागचा मोर मात्र कोरडा ठणठणीत. आणि सगळ्यांत मोठी चूक महाराजांच्या पायात होती. इंटरव्हलच्या आधी महाराज उजव्या पायानं लंगडत होते, इंटरव्हलनंतर डाव्या.

बाराव्या वेळी खुद्द महाराज मॅटिनीला आले. पिक्चर संपला, टाळ्या झाल्या. मनसारामनं नम्रपणे विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे?"

हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, मुलांनो. पण त्र्यंबक उठला.

"महाराजांचा पाय बदलतो," तो म्हणाला.

टॉकीजमधल्या सगळ्या माना हळूहळू महाराजांच्या पायांकडे वळल्या. महाराजांचा उजवा पाय कायमचा अधू होता. हे सगळ्यांनी रोज पाहिलेलं होतं.

महाराज गुरगुरले, "मनसाराम, शेवटच्या सीनमध्ये कुठला पाय आहे?"

"डावा, महाराज."

"बदल."

"बदलतो, महाराज. पण सगळ्या शिट्ट्या त्याच सीनला पडतात. तो डाव्या पायावरच उभा आहे." मनसारामनं जरा विचार केला. "त्यापेक्षा महाराजांनीच पाय बदलला तर?"

तेच सोपं ठरलं. इंटरव्हलच्या आधीचा भाग नव्यानं चित्रित झाला आणि महाराजांनी डाव्या पायानं लंगडायचा सराव सुरू केला. उजवा पाय आधीच कामातून गेलेला. आठवड्याभरात महाराज दोन्ही पायांनी लंगडू लागले आणि नंतर पालखीतून फिरू लागले. पालखीतले महाराज जास्तच शोभतात, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्र्यंबकला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्यानं बिळातलं सामान बांधून ठेवलं. पण महाराजांनी त्याला बोलावून घेतलं आणि त्याच्या गळ्यात बिल्ला घातला. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'जुळवणी अधिकारी'.

"तुझी नजर आम्हाला आवडली," महाराज म्हणाले. "पिक्चरमध्ये आणि जंगलात जिथं जिथं फरक आहे, तो शोधायचा आणि मिटवायचा."

"म्हणजे पिक्चर दुरुस्त करायचा ना, महाराज?"

"पिक्चर पूर्ण झालाय," महाराज म्हणाले. "जंगलाचंच बरंच काम बाकी आहे."

त्र्यंबक कामाला लागला. खरं सांगायचं तर त्याला मजा येऊ लागली. पिक्चरमध्ये नदीकाठी वड होता, जंगलात तिथं पिंपळ होता. त्र्यंबकनं पिंपळावर 'वड' अशी पाटी लावली. पोपटांना पाळ्या लावून दिल्या, म्हणजे फांदीवर कधी तीन, कधी चार, कधी दोन हजर राहतील. मोराला भिजायची मनाई झाली. फरकांच्या यादीतला एकेक फरक खोडताना त्र्यंबकच्या मिशा आनंदानं थरथरत. एवढं बिनचूक जंगल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

यादीत शेवटचा फरक उरला. त्यापुढे त्र्यंबकच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'द्वारकाआत्या. पिक्चरमध्ये मृत. जंगलात हजर.'

त्र्यंबक कागद घेऊन डबक्यावर गेला. द्वारकाआत्या गळ्यापर्यंत चिखलात बसली होती.

"ये रे त्र्यंबक. मोठा साहेब झालास म्हणे. जांभळं खातोस?"

"नको, आत्या. एक सही हवी होती. खुराचा ठसा दिला तरी चालेल."

"कसली सही?"

"तुम्ही वारल्याची." त्र्यंबकनं खाली पाहिलं. "गुरुवारी शोकसभा आहे. महाराज स्वतः बोलणार आहेत. तुम्हाला काही त्रास नाही, आत्या. खाणंपिणं, चिखल, सगळं चालू राहील. फक्त मोजणीत तुम्ही नसाल."

आत्यानं कानावरची माशी उडवली.

"त्र्यंबक, महाराजांचा पाय कशानं मोडला, ठाऊक आहे?"

"पुरात. सगळ्यांना वाचवताना."

"पूर यायच्या आधी मोडला. ढग गडगडले तसे टेकडीवर सगळ्यांत आधी तेच पळाले. शेवाळावरून घसरले. पूर आला तेव्हा पाण्यात मी होते. अख्खी रात्र. ससे, माकडं, साळिंदर, सगळे माझ्या पाठीवरून पलीकडे गेले. साळिंदराचे काटे अजून सलतात. आणि तू एवढासा होतास. भीतीनं माझा कान असा चावून धरला होतास की आजही त्याला भोक आहे. हे बघ."

त्र्यंबकनं पाहिलं. कानाला भोक होतं. चार दातांचं, नीटनेटकं. त्याला एकदम गार पाणी आठवलं, आणि नाकात गेलेला ओल्या कातड्याचा वास. एवढी वर्षं तो हिच्या समोरून ये-जा करत होता. हरणीच्या माळेतले दोन मणी त्याला शेवटच्या रांगेतून दिसले होते. हे भोक दिसलं नव्हतं.

"आत्या, मग पिक्चर बघताना तुम्ही बोलला का नाहीत?"

"रडू आलं रे. किती छान मेले मी त्यात!"

त्र्यंबकला कागद फाडावासा वाटला. त्यानं तो दोन्ही पंजांत धरलासुद्धा. पण कागदावर महाराजांचा शिक्का होता आणि गळ्यात बिल्ला होता.

"आत्या, खरं काय ते मला कळलं," तो हळूच म्हणाला. "पण पिक्चरमध्ये तसं नाही ना."

"बरं बाई." आत्यानं खूर चिखलातून वर काढला आणि कागदावर ठसा उमटवला. "आता मला एवढंच सांग, तुझी नजर चांगली आहे म्हणून विचारते. पिक्चरमध्ये तू कुठं आहेस?"

त्र्यंबकनं डोळे मिटले आणि पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवला. पाठीवरचे ससे आठवले, माकडं आठवली. टेकडीवरची गर्दी त्यानं डावीकडून उजवीकडे तपासली, मग उजवीकडून डावीकडे. दगडांच्या मागे पाहिलं. पोपटांच्या फांदीखाली पाहिलं.

मुंगूस कुठंच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, मुलांनो. पण त्र्यंबक कामात कधी पक्षपात करत नसे. चूक ती चूक. त्यानं आत्याच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि सही केली.

गुरुवारी टॉकीजमध्ये शोकसभा झाली. महाराज पालखीतून आले आणि गहिवरून बोलले. मनसारामनं नव्या पिक्चरची घोषणा केली. दिवंगतांसाठी मागच्या भिंतीशी जागा ठेवली होती, तिथं त्र्यंबक आणि द्वारकाआत्या शेजारी शेजारी बसले. मग स्टेजवरच्या तसबिरींना हार घालण्यात आले.

त्र्यंबक ताडकन उठला. "अहो, ती खार आहे! माझ्या नावाखाली खारीचा फोटो लावलाय!"

दारावरच्या हत्तीनं सोंड उचलली. "शू! गेलेल्यांनी मध्ये बोलायचं नसतं."

द्वारकाआत्यानं त्याला शेपटीला धरून खाली ओढलं.

"बस गपचूप," ती म्हणाली. "तुला निदान खार तरी मिळाली. माझ्या जागी बघ, रेडा लावलाय."

तात्पर्य: पडद्यावर चूक दिसली तर उगाच पडद्याला दोष देऊ नये, जंगल दुरुस्त करून घ्यावं. आणि मुलांनो, कुठंही पिक्चरचं शूटिंग चालू दिसलं, तर हातातली कामं टाकून गर्दीच्या सीनमध्ये उभं राहावं. जिवंत असल्याचा दुसरा पुरावा हल्ली कुणी मानत नाही.