सांबरीण, साळुंकी आणि खपल्यांचे चार प्रकार

एका जंगलात, मुलांनो, गोजराबाई नावाची एक सांबरीण राहत होती. जंगल फार जुने होते. तिथे तळे होते, टेकडी होती, महाराज होते आणि एक सरकारी दवाखाना होता. म्हणजे जंगलात असायला हवे ते सगळे होते.

महाराज म्हणजे वाघ. त्यांचे प्रजेवर अतिशय प्रेम होते. ते अधूनमधून प्रजेला भेटायला येत आणि एखाद्याला बरोबर घेऊन जात. गेलेला परत येत नसे. म्हणून महाराजांची चाहूल लागली की टेकडीवरून ‘ढाँक’ अशी हाळी द्यायची, हे गोजराबाईचे काम होते. तिचा आवाज खणखणीत होता आणि नाक त्याहून चांगले होते. तिच्या भरवशावर सगळे जंगल मान खाली घालून पाणी पीत असे.

एका वर्षी जंगलात एक आजार दिसू लागला. अंगावर लाल चट्टे उठायचे. चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे यायचे आणि खाजवले की भुरूभुरू गळायचे. आपल्याकडे त्याला सोरायसिस म्हणतात. जंगलात नुसतेच ‘खपल्या’ म्हणत.

खपल्या रावजी गव्याला झाल्या. वानरांच्या म्होरक्याला झाल्या. बत्ताशी नावाच्या एका लठ्ठ रानडुकरिणीला झाल्या. गोजराबाईलाही झाल्या.

ज्यांना झाल्या नव्हत्या ते लगेच शहाणे झाले. त्यांनी ठरवले की हा रोग लागतो. कुणी सांगितले, तर कुणीच नाही. पण गोजराबाई तळ्यावर आली की हरणे पाणी अर्धवट सोडून जाऊ लागली. जिच्या हाळीवर ती जगत होती तिच्याशेजारी उभे राहायला त्यांना भीती वाटू लागली. गोजराबाईला याचे फार वाईट वाटले. ती दुपारच्या उन्हात, तळ्यावर कुणी नसताना, पाणी पिऊन येऊ लागली.

दवाखान्यात वैद्यराज भालबा अस्वल होते. मनाने चांगले, हाताने सढळ. त्यांच्याकडे करंजाच्या तेलाचा एक लेप होता. कोण आले, काय झाले, हे विचारण्यात ते वेळ घालवत नसत. खपल्या म्हटल्या की लेप. लावा आणि पुढच्या पुनवेला या.

रावजी गव्याला लेपाने थोडे बरे वाटले. वानराला काहीच वाटले नाही. बत्ताशीच्या मानेखालच्या वळ्या लेपाने अशा चुरचुरल्या की ती तीन ओढे पलीकडे जाऊन चिखलात बसली. आणि गोजराबाईचे तर वेगळेच होते. तिचे चट्टे लहान होते, पण गुडघे सुजले होते. सकाळी उठताना पाय लाकडासारखे होत. लेप लावून लावून ती तेलकट झाली, पण टेकडी काही चढवेना.

भालबांनी तिला सांगितले की ती लेप नीट चोळत नसावी. शिवाय ती फार विचार करते. गोजराबाईने त्यानंतर विचार न करण्याचा फार विचार केला. गुडघे तसेच राहिले.

एका सकाळी ती अर्ध्या टेकडीवरच बसली. वारा उलटा होता, महाराजांचा वास माथ्यावरच लागला असता, आणि ती वर नव्हती. त्या दिवशी महाराज येऊन गेले. एका म्हाताऱ्या भेकराला घेऊन गेले. कुणी गोजराबाईला बोल लावला नाही. पण संध्याकाळी ती लंगडत दवाखान्यात गेली आणि म्हणाली, “वैद्यराज, मला लेप नको. मला काय झालंय ते सांगा.”

भालबांनी लेपाचे भांडे खाली ठेवले. मग खरे तेच म्हणाले.

“बाई, मला कळत नाही. कळणाऱ्याला बोलावतो.”

मुलांनो, इतके मोठे वाक्य त्या जंगलात याआधी कुठल्याच अधिकाऱ्याने उच्चारले नव्हते.

बोलावल्यावर आली ती मंजुळा साळुंकी. दूरच्या डोंगरात शिकून आलेली. तिने आल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती ही, की गोजराबाईच्या पाठीवर बसली, चट्ट्यावर चोच घासली आणि तिच्याच शेजारी पाणी प्यायली. हरणे बघत होती. साळुंकीला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग हरणे म्हणू लागली, आम्ही आधीपासून हेच सांगत होतो.

साळुंकीने सगळ्या आजाऱ्यांना बसवून घेतले. खपल्या दवाच्या थेंबाखाली धरून पाहिल्या. आणि विचारले. किती विचारले! कधी वाढते, कशाने वाढते, आईला होते का, घसा कधी दुखतो, सांधे कधी आखडतात. वानर म्हणाला, माझ्या आयुष्यात इतके प्रश्न बायकोनेही विचारले नाहीत.

शेवटी साळुंकीने गोजराबाईला समजावून सांगितले. “बाई, तुम्ही टेकडीवर हाळी देता ना, तशी प्रत्येकाच्या अंगात एक राखणदारीण असते. तुमच्या अंगातली बिथरली आहे. वाघ नसताना ओरडते, आणि आपल्याच माणसांवर धावून जाते. वरून सगळ्यांच्या खपल्या सारख्या दिसतात. पण कुणाची कशाने बिथरली, ते वेगळं असतं. तुमची गुडघ्यांत जाऊन बसली आहे. तिला कातडीवरून तेल चोळून काय कळणार?”

गोजराबाई रडली. दुखण्याने नव्हे. आपण लेप नीटच चोळत होतो, हे कळल्यामुळे.

साळुंकीने चार प्रकार काढले. रावजी गव्याचा थंडीचा प्रकार. त्याला ऊन आणि भालबांचाच लेप. वानराचा घशाचा प्रकार. घसा बसला की आठवड्याने अंगभर थेंबाएवढे चट्टे उठायचे. त्याला घशाचे औषध आणि ओरडणे बंद. बत्ताशीचा वळ्यांचा प्रकार. तिला साधा, थंड, पातळ लेप. आणि गोजराबाईचा सांध्यांचा प्रकार. तिला पोटात घ्यायचा एक कडू काढा.

गुण आला. सगळ्यांना आला. भालबांना इतका आनंद झाला की ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून आधी प्रश्न विचारू लागले. गोजराबाई पुन्हा टेकडीवर चढली. वर पोचल्यावर तिने उगाचच एक उडी मारून पाहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जंगलात शहाणे प्राणी फार होते.

रावजी गव्याने थंडीच्या प्रकाराचे एक मंडळ काढले. स्वतः अध्यक्ष झाला. मग वानराने घशाचे काढले. बत्ताशी म्हणाली, वळ्यांचा प्रकार हा सर्वांत प्राचीन आहे. सांधे आखडणाऱ्या इतरांनी गोजराबाईला न विचारताच चौथे काढले. तळ्याचे चार काठ चार मंडळांनी वाटून घेतले. सोयरिकी प्रकार बघून जुळू लागल्या. ज्यांना काहीच झाले नव्हते त्यांची फार कुचंबणा झाली. हरणे साळुंकीकडे जाऊन म्हणाली, आम्हालाही एखादा प्रकार द्या, अगदी साधा असला तरी चालेल. साळुंकीने दिला नाही. तेव्हा त्यांनी आपला आपण एक काढला, ‘होऊ शकणाऱ्यांचा’.

आणि एके दिवशी महाराज आले.

गोजराबाईने टेकडीवरून हाळी दिली. ढाँक!

पूर्वी असे झाले की सगळे पळत. आता काठाकाठावर चर्चा सुरू झाली. ही हाळी सांध्यांच्या प्रकाराची आहे, आपल्याला लागू आहे का? रावजीने सभा बोलावली.

महाराज गवतात उभे होते. त्यांनाही समजेना, इतके सोपे कसे झाले.

गोजराबाई टेकडीवरून खाली धावली. धावताना गुडघ्यांचा विचार तिच्या मनातही आला नाही. ती थेट रावजीच्या सभेत घुसली, अध्यक्षांना ढुशी दिली आणि म्हणाली, “वाघाला प्रकार नसतो रे, पळ.”

गवा पळाला. गवा पळाला म्हणून सगळे पळाले. करवंदीच्या एकाच जाळीत चारही मंडळे कोंबून बसली. महाराजांनी गवतात वाट पाहिली आणि उपाशीच परत गेले.

भीती ओसरल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. गव्याच्या अंगावर चट्टा नव्हता. वानराच्या नव्हता. बत्ताशीच्या वळ्या गुळगुळीत होत्या. साळुंकीने सगळ्यांना तपासले आणि सांगितले की खपल्या कुणालाच उरलेल्या नाहीत.

रावजीचा चेहरा पडला.

“म्हणजे आता आमचं काहीच नाही?” त्याने विचारले.

साळुंकी प्रामाणिक होती. ती म्हणाली, “तसं नाही. आजार झोपला आहे, गेलेला नाही. जपून राहा.”

सगळ्यांच्या जिवात जीव आला. प्रकार शाबूत होता. मंडळे आनंदाने आपापल्या काठावर परतली, आणि त्या सायंकाळी चारही ठिकाणी साळुंकीबाईंचा सत्कार झाला.

गोजराबाईला मात्र धावून धावून घशाला कोरड पडली होती. जो काठ जवळ होता तिथे ती गेली. पहाऱ्यावरच्या सायाळाने तिला अडवले आणि अदबीने विचारले, “बाई, आपला प्रकार कोणता?”

“तहानलेल्यांचा,” गोजराबाई म्हणाली, आणि पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य : मुलांनो, ज्याचा त्याचा आजार नीट ओळखून ज्याला त्याला वेगळे औषध द्यावे. मात्र तो पुरता बरा होणार नाही, एवढी काळजी घ्यावी. आजार गेला तर माणूस कसाबसा सावरतो. अध्यक्षपद गेले तर सावरत नाही.