नाव टाक, मंग ने

प्रभाकरभाऊ निकुऱ्यांच्या कॉम्प्युटरवर गेम भरपूर आहेत, पण त्यातला एकही ते खेळत नाहीत. त्यांना हवा असतो फक्त शेवट. खरं म्हणजे शेवटही नको असतो. गेम संपल्यावर काळ्या पडद्यावर खालून वर सरकत जाणारी नावं त्यांना बघायची असतात. आता नावं बघायची तर गेम जिंकावा लागतो, आणि भाऊंना तर उडीसुद्धा मारता येत नाही. मग ते गल्लीतून दिसेल त्याला धरून आणतात आणि खुर्चीवर बसवतात. मी बसलोय, पोस्टमन बसलाय. एकदा तर माझी बायको हातातली भाजी टाकून गेममधल्या बेडकाला नदीपार नेत होती आणि घरी मी वरणभातावर भागवलं.

नावं सरकू लागली की भाऊ उभे राहतात. इंग्रजी त्यांना स्वतःच्या नावापुरतंच वाचता येतं. ते नाव खालून उगवलं की काचेवर बोट ठेवतात आणि ते वर निघून जाईपर्यंत बोट त्याच्याबरोबर नेतात. मग म्हणतात, "झालं. बंद करा."

आमचं गाव वडशाहून थोडं पुढे, जंगलाला लागून आहे. मी वडशाच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि भाऊंचं घर माझ्या घराला चिकटून आहे, त्यामुळे त्यांचं सगळं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलेलं आहे.

भाऊ मूळचे पडदे रंगवणारे. दिवाळी आटोपली की झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या वडशातून गावोगाव निघतात, आणि त्यांच्या रंगमंचावर मागे टांगायचे राजवाडे, रस्ते आणि जंगलं वर्षानुवर्षं भाऊंच्या अंगणात तयार झाली. पडदा एकदा दिला की कंपनीनं तो कुठेही वापरावा, राजवाड्याचा दवाखाना करावा, भाऊंची हरकत नसे. अट एकच होती. नाटक सुरू होण्याआधी माईकवर नावं सांगतात, त्यात "पडदे प्रभाकर पेंटर" हे आलंच पाहिजे. एका गावात सांगणारा ते विसरला. भाऊ प्रेक्षकांतून उठले, रंगमंचावर गेले आणि आपल्याच जंगलासमोर मांडी घालून बसले. लोकांना वाटलं, नाटकातला साधू आहे. टाळ्या पडल्या. नायक आला, खलनायक आला, दोघांनी भाऊंना वळसा घालून आपापले संवाद म्हटले. शेवटी माईकवर नाव पुकारलं तेव्हा भाऊ उठले आणि नमस्कार करून खाली आले. तो प्रवेश त्या रात्रीचा सगळ्यात रंगला असं म्हणतात.

पुढे फ्लेक्स आला आणि हाताचे पडदे कमी होत गेले. भाऊंनी जुना कॉम्प्युटर घेतला तो फ्लेक्सचं काम शिकायला. ते त्यांना जमलं नाही, पण बारीक बारीक चौकोन भरून चित्र काढायचा एक प्रकार सापडला आणि ते त्यातच रुतले. पडदा रंगवायचा म्हणजे तरी काय, छोट्या चित्रावर चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट कापडावर मोठी करत जायचं. भाऊ म्हणाले, आजवर लहानाचं मोठं केलं, आता मोठ्याचं लहान करून राह्यलो. पडद्यावरचं अख्खं जंगल त्यांनी नखाएवढ्या एकेका चौकोनात बसवलं. पळस, बांबूची दाट रांजी, मोह, धान लावलेली बांधी, सगळं.

त्या चित्रांचं करायचं काय, ते मी शोधून दिलं. इंटरनेटवर हौशी गेम करणाऱ्यांची एक जागा आहे. तिथे कोणी झाड काढून ठेवतो, कोणी बेडूक, कोणी त्या बेडकाला उडी मारायला लावणारा कोड. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं आणि आपला गेम जुळवावा. पैशाचा संबंध नाही. फक्त प्रत्येक वस्तूला तिचा परवाना जोडलेला असतो. कोणी म्हणतं, वाटेल ते करा. कोणी म्हणतं, करा, बदला, पण माझं नाव द्या. हे मी समजावून सांगितल्यावर भाऊंनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. म्हणाले, "हे तं आपलंच आहे, सर. फुकट आहे, बेवारस नाई. नाव टाक, मंग ने."

तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. त्यांच्या परसातला कढीपत्ता अख्खी आळी वापरते. एकदा आमच्याकडे पाहुणे जेवायला बसले होते आणि भाऊ दारात येऊन उभे राहिले. बायकोनं ओळखलं. कढी वाढताना ती पाहुण्यांना म्हणाली, कढीपत्ता शेजारच्या प्रभाकरभाऊंचा. भाऊ मान हलवून निघून गेले. पाहुण्यांना काय समजावायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

पण नावापायी ते सगळ्यात जास्त फसले ते जंगलात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सही करायची त्यांची जन्माची सवय. तशी त्यांनी जंगलाच्या जमिनीच्या चौकोनातही बारीकसा "प्र" काढला. आता गेममध्ये असा एकच चौकोन शेकडो वेळा शेजारी शेजारी मांडतात आणि जमीन तयार होते, हे त्यांना कुठलं ठाऊक. परदेशातल्या कोणीतरी त्यावर गेम केला आणि जिकडे पाहावं तिकडे "प्र" उगवला. त्या माणसानं वर कौतुकाचा निरोप धाडला की तुमच्याकडचं गवत फार सुंदर आहे, याचं नाव काय? मी पोट धरून हसलो. भाऊंनी मात्र मजकूर सांगितला, "त्याले लिहा, प्रभाकर म्हणतात." तो माणूस अजूनही त्या गवताला प्रभाकरच म्हणतो.

हे एवढं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, तर बरं झालं असतं.

भाऊंची बायको, आमच्या कौसल्यावहिनी, मोह वेचायला गेल्या आणि परत आल्या नाहीत. आमच्या भागात याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, वाघानं नेलं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. दरवर्षी भाऊ सोबत जायचे, ते वेचायचे कमी आणि राखण जास्त करायचे. त्या दिवशी हंगामातल्या शेवटच्या नाटकाचा पडदा अंगणात ताणलेला होता. वहिनी टोपली घेऊन दारासमोर थांबल्या होत्या. भाऊ म्हणाले, रंग कालवला आहे, वाळून जाईल, तू हो पुढं. एवढंच झालं. याला चूक म्हणायचं तर जगातला प्रत्येक नवरा रोज करतो. पण ते भाऊंना सांगून उपयोग नाही, मी सांगून पाहिलं आहे.

वहिनी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात भाऊंनी एक बाई काढली. गुडघ्याच्या वर नेसलेलं हिरवं लुगडं, कमरेवर टोपली. ती चालते, वाकते, फूल उचलते. आणि कोणी तिला चालवलंच नाही, तर ती उभी राहून मान वळवते आणि मागे घराच्या दाराकडे पाहते. एवढीशी बाई, पण मी पाहताच ओळखली. कोपऱ्यात "प्र" नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "हिच्यावर माहं नाव काऊन टाकू? नाव तिचंच राहीन. कौसल्या." आणि परवान्याखाली त्यांनी मला एक ओळ जास्तीची लिहायला लावली. हिला मारू नये.

इंटरनेटवरच्या त्या जागेची देखरेख करणाऱ्या माणसाचं नम्र उत्तर आलं. नाव द्या एवढी अट चालेल, ही चालणार नाही. आज तुम्ही म्हणाल मारू नका, उद्या दुसरा म्हणेल पावसात भिजवू नका, मग एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूशी जुळायचीच नाही. उघडी ठेवायची तर पुरती उघडी ठेवा, नाहीतर काढून घ्या. मला ते पटलं, आणि पटल्याचं मी बोलून दाखवलं. भाऊ माझ्यावरच उखडले. "त्याले विचारा, त्याच्या घरचं कोणी गेलं नाई काय?" मी ते तसंच्या तसं लिहिलं. त्या माणसानं मनापासून वाईट वाटल्याचं कळवलं. नियम मात्र तोच राहिला.

भाऊंनी बाई काढून घेतली. मग ती त्यांच्या कॉम्प्युटरवरच होती, पांढऱ्या कागदासारख्या मोकळ्या जागेत उभी, ना झाड, ना घर. बरेच महिने गेले. धान कापून झालं, कंपन्या गावोगाव निघाल्या, आणि एक दिवस भाऊ कुंपणाशी आले आणि म्हणाले, "खोडा ते ओळ. घरी बसणं तिले कधी आवडलंच नाई. जाऊ द्या तिले." मी ओळ खोडली आणि बाई पुन्हा त्या जागेवर चढवली. खाली नाव तेवढं ठेवलं, कौसल्या.

आणि मग गेम आला. गवताला प्रभाकर म्हणणाऱ्या त्याच माणसानं केलेला. मला कळलं तेव्हा मी आधी स्वतः पाहायला हवा होता, पण आनंदाच्या भरात कॉलेजातून थेट भाऊंच्या घरी गेलो आणि लावून दिला. भाऊंचं जंगल, भाऊंचे पळस, मध्ये अंगण असलेलं एक घर, आणि अंगणात ती. फुलं वेचत जंगल ओलांडायचं आणि टोपली भरून परत यायचं, असा खेळ होता. खेळणाऱ्यापुढे संकट तर हवं. त्या भल्या माणसानं भारतातलं जंगल म्हणून वाघ घातला होता.

मी तिला अंगणातून काढून बांबूपर्यंत नेली, तोच वाघ आला. भाऊंनी पडणाऱ्या बाईचं चित्र काढलंच नव्हतं. त्या माणसानं मग सोपा उपाय केला होता, उभं चित्र आडवं केलं. ती आडवी झाली, लुकलुकली आणि गेली. आणि लगेच, पुन्हा सुरुवातीपासून, टोपली घेऊन अंगणात उभी. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर भाऊंनी माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे उपाय घेऊन गेलो. गेमचा कोडही उघडाच होता, आमच्या कॉलेजचे कॉम्प्युटरचे सर त्यातून वाघ सहज काढून देतील, परवान्यात ते बसतं. भाऊंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्याले मीच म्हटलं ना, ने म्हणून. आणि सर, वाघ काढला म्हंजे ती वापस येते काय?" मग मी दुसरं सुचवलं. गेम मी पार करून देतो, शेवटाला चित्रांखाली तुमचं नाव आहे आणि त्याखाली बाई म्हणून वहिनींचं, मी यादीत वाचलं आहे. ते सरकताना तरी पाहा. जो माणूस एका नावासाठी भर नाटकात मांडी घालून बसला, तो याला नाही म्हणणार नाही असं मला वाटलं होतं.

नाही म्हणाले. नावापर्यंत जायचं तर तिला जंगलातून न्यावं लागतं.

आता ते कोणाला धरून आणत नाहीत. बेडकाचा गेमही लावत नाहीत. पोस्टमननं परवा मला विचारलं, पेंटरभाऊ रागावले काय? मी म्हटलं, नाही.

काल सकाळी कढीपत्ता मागायला त्यांच्याकडे गेलो, तर भाऊ कॉम्प्युटरसमोर चहा घेऊन बसले होते. पडद्यावर अंगण होतं आणि अंगणात ती उभी होती. कोणत्याही बटणाला त्यांचा हात नव्हता. अंगणात वाघ येत नाही, तशी त्या गेमची रचनाच आहे. मी मागे उभा राहिलो, पण त्यांना कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. ती तेवढंच करते, पुन्हा पुन्हा, भाऊंनीच तसं काढलं आहे.

भाऊंनी कप खाली ठेवला. "थांब वं," ते तिला म्हणाले, "येऊन राह्यलो."