समोरचा रस्ता मोकळा आहे

शाहूपुरीत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजयसिंहांच्या नव्या गाडीवर अज्ञात इसमाने बोटभर लांबीचा ओरखडा ओढला. घटना गंभीर होती आणि विजयसिंहांनी ती तशीच हाताळली. त्यांनी आधी चहावाल्याकडे चौकशी केली, मग समोरच्या औषधाच्या दुकानात केली, आणि कुणीही काहीही पाहिलेलं नाही हे पक्कं झाल्यावर जाहीर केलं, की या शहरात माणसांना डोळेच राहिलेले नाहीत. तेव्हा यापुढे गाडीला स्वतःचे डोळे हवेत. विजयसिंहांची सिमेंटची एजन्सी होती. एकदा ठरवलेली गोष्ट ते सहसा हलू देत नसत.

ओरखडा बुजवायला एक दुपार पुरली असती. डोळे निवडण्यात अख्खा पावसाळा गेला.

त्याला कारण सजग वाहनधारक मंडळ. विजयसिंह त्याचे कार्यवाह होते. हे मंडळ मुळात रस्त्यातल्या खड्ड्यांविरुद्ध निवेदनं द्यायला स्थापन झालं होतं. निवेदनांनी खड्डे बुजेनात, तेव्हा मंडळाने व्यापक भूमिका घेतली आणि खड्ड्यांचं उत्तम चित्रण करणाऱ्या उपकरणांचा अभ्यास सुरू केला. अध्यक्ष आण्णा यांच्या घरी दर रविवारी बैठक भरे. कॅमेऱ्याला कडेचं किती दिसावं, अंधारात किती दिसावं, यावर कडाक्याच्या चर्चा झडत. एका बैठकीत मागच्या काचेच्या कॅमेऱ्यावरून दोन जुने मित्र एकमेकांशी बोलायचे बंद झाले. कशाचं चित्रण करायचं हा विषय मात्र कधी पटलावर आला नाही.

शेवटी मंडळाच्या शिफारशीने विजयसिंह वृषभच्या दुकानात गेले. गाड्यांना लागणारं सगळं काही वृषभ विकत असे आणि गिऱ्हाइकाच्या मनात भीती किती शिल्लक आहे हे त्याला नुसत्या चेहऱ्यावरून कळे. पुढे एक कॅमेरा, मागे एक, चाकातली हवा सांगणारं यंत्र, हवा भरणारं यंत्र, आरशाला चिकटवायचे दोन गोल आरसे आणि हे सगळं चालवायला आणखी एक वायर, एवढा ऐवज गाडीत चढला. पुढचा कॅमेरा मराठी बोलत असे. त्यातली बाई अत्यंत गोड आवाजात ‘पुढील वाहन जवळ आहे’ असा इशारा देई. पहिल्याच दिवशी भाऊसिंगजी रोडवर तिला श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नाही.

विजयसिंहांच्या पत्नी निशिगंधा बँकेत नोकरी करत. त्यांनी एवढंच विचारलं, की एवढ्या डोळ्यांनी बघणार काय आहात.

"चूक कुणाची हाय ते," विजयसिंह म्हणाले.

ते बघायची संधी लवकरच आली. रविवारी दोघं पन्हाळ्याला निघाले होते. वाघबीळच्या अलीकडे एका पांढऱ्या गाडीने त्यांना भरधाव मागे टाकलं, पुढच्या मोटारसायकलवाल्याला धडक दिली आणि ती तशीच निघून गेली. मोटारसायकल आडवी झाली. तिच्याखाली पाय अडकलेला माणूस रस्त्याच्या कडेला हात वर करून पडला होता.

विजयसिंहांनी गाडीचा वेग कमी केला आणि आधी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. सगळं आलं होतं, धडक, धूळ, पांढरी गाडी, वर केलेला हात. इतक्या महिन्यांच्या अभ्यासाचं चीज झालं होतं. त्यांना क्षणभर भरून आलं.

निशिगंधा गाडी थांबवा म्हणत होत्या. विजयसिंहांनी त्यांना शांतपणे समजावलं, की उतरलो तर पोलीस आपल्यालाच धरणार, शिवाय मागची सीट नवी आहे, आणि मुख्य म्हणजे रेकॉर्ड झालेलं आहे. मागच्या गाड्या बाजूने निघून जाऊ लागल्या. तेवढ्यात कॅमेऱ्यातली बाई म्हणाली, "समोरचा रस्ता मोकळा आहे. कृपया पुढे चला."

यंत्राने सूचना दिली होती. विजयसिंहांनी ती पाळली.

पन्हाळ्यावर निशिगंधांपुढची झुणका-भाकर तशीच गार झाली. परतताना त्या जागेवर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि एकट्याच उतरल्या. रस्त्यावर फुटलेल्या दिव्याच्या काचा होत्या. जवळच्या टपरीवर चौकशी केल्यावर कळलं, की बऱ्याच वेळाने एका टेम्पोवाल्याने त्या माणसाला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांनी नवऱ्याला पुढे जायला सांगितलं, स्वतः वडाप जीप पकडून दवाखाना गाठला, आणि त्या दिवसानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत.

विजयसिंह घरी येऊन कामाला लागले होते. चित्रणातला आवाज त्यांनी काढून टाकला. घरगुती संभाषण चव्हाट्यावर आणणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्या जागी त्यांनी बासरी घातली. वर मजकूर लिहिला, "माणुसकी मेली आहे काय? पडलेल्याला पाहून एकही गाडी थांबली नाही!" विधान शंभर टक्के खरं होतं आणि ते स्वतः त्याचे साक्षीदार होते. खालच्या कोपऱ्यात त्यांनी मंडळाचं बोधचिन्ह टाकलं. नेमका तिथेच पांढऱ्या गाडीचा नंबर होता, पण मंडळाचं नाव कुठेतरी यायलाच हवं होतं.

व्हिडिओ गावभर फिरला. बिद्रीहून मेव्हण्याचा फोन आला, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. लोकांनी हळहळ व्यक्त केली, पुढे पाठवला, आणि ज्यांनी पाठवला नाही त्यांच्या संवेदनशीलतेबद्दल शंका घेतली. मंडळाने तातडीची बैठक बोलावून विजयसिंहांना ‘सजग नागरिक’ पुरस्कार द्यायचं ठरवलं.

दवाखान्यातल्या माणसाचं नाव आकाराम. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मांडीत सळई घातली होती. उकिडवं बसल्याशिवाय मोटार खोलता येत नाही आणि त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. भरपाईचा दावा करावा तर गाडीचा नंबर लागणार, आणि नंबर त्या बोधचिन्हाखाली होता. निशिगंधांनी घरी येऊन मूळ चित्रण मागितलं. विजयसिंह म्हणाले, कॅमेरा जुन्यावर नवं रेकॉर्ड करतो, मूळ आता पुसलं गेलं. हे सांगताना ते कपाटातला सत्काराचा कोट शोधत होते.

म्हणून सत्काराच्या दिवशी निशिगंधा आकारामला रिक्षात घालून सभागृहाशी आल्या. सभागृह वरच्या मजल्यावर होतं. कुबड्या घेऊन तो एकेक पायरी चढू लागला, तेव्हा जिन्यावरची मंडळी आदराने बाजूला सरली, तो नीट चौकटीत यावा म्हणून. वर पोचेपर्यंत त्याचे अनेक व्हिडिओ तयार झाले होते. आण्णांनी त्याला पाहताच व्यासपीठावर बोलावलं. कार्यक्रमाला उठाव आला.

आकारामने माईकसमोर फार वेळ घेतला नाही.

"साहेब, मला हार नको," तो म्हणाला. "ते तुमचं चिन्ह तेवढं बाजूला करा. त्याच्यामागं गाडीचा नंबर हाय."

आण्णांनी मागणीची सहानुभूतीपूर्वक दखल घेतली. मात्र बोधचिन्ह हा मंडळाच्या घटनेचा भाग असल्याने ते हलवायला वार्षिक सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि सभा नुकतीच होऊन गेली आहे, असं त्यांनी खेदाने सांगितलं. विजयसिंहांनी खेदाने मान हलवली.

अडचण वृषभने सोडवली. सभागृहाच्या दाराशी त्याने आपल्या मालाचं टेबल मांडलं होतं. अपघातानंतर विजयसिंह कॅमेऱ्याची काच पुसून घ्यायला दुकानात आले असताना त्याने मूळ चित्रण काढून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना दाखवायला बरं म्हणून. निव्वळ चांगल्या हेतूने तो पुढे आला आणि त्याने ते मोठ्या पडद्यावर लावलं. आवाजासकट.

विजयसिंहांनी वायर कुठे आहे ते पाहिलं, पण वायर आण्णांच्या खुर्चीखालून गेली होती.

धडक झाली. धूळ उडाली. मग सभागृहभर निशिगंधांचा आवाज घुमला. "अहो, थांबवा की गाडी. माणूस पडलाय. हात करतोय तो."

त्यामागोमाग विजयसिंहांचा. "उतरून काय करायचंय? रेकॉर्ड झालंय की. सीट नवी हाय."

आणि मग ती गोड बाई. समोरचा रस्ता मोकळा आहे. कृपया पुढे चला.

पडद्यावर आकाराम डाव्या बाजूने सरकत सरकत दिसेनासा झाला. सभागृहात कुणी हललं नाही. विजयसिंहांनी खाली मान घातली. आयुष्यात पहिल्यांदा चूक कुणाची ते त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि ते सगळ्यांनाच दिसत होतं. पहिल्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ उठला. विजयसिंहांनी डोळे मिटून घेतले.

गृहस्थ वृषभकडे वळला. "आवाज लईच स्वच्छ हाय की हो," तो म्हणाला. "मागच्या सीटवरचाबी एवढाच येतोय काय?"

सभागृहाची कोंडी सुटली. माणसं उठली आणि टेबलाकडे धावली. कुणी मॉडेल विचारत होतं, कुणी ट्रॅक्टरला बसेल का म्हणत होतं. त्या गडबडीत निशिगंधांनी चित्रण मागे नेलं, पांढऱ्या गाडीवर थांबवलं आणि नंबर मोठ्याने वाचला. आकारामचे दोन्ही हात कुबड्यांवर होते. त्याने तो नंबर स्वतःशी पुन्हापुन्हा म्हटला, शाळेत पाढा घोकावा तसा. मग दोघं जिन्याकडे निघाले. टेबलापाशी इतकी दाटी होती, की निशिगंधांना वाट मागावी लागली.

पुढे त्यांनी पोलिसांत रीतसर जबाब दिला. आपण स्वतः गाडीत होतो आणि गाडी थांबली नाही, हेही त्यात लिहायला लावलं. गाडीचा मालक सापडला, दावा उभा राहिला.

विजयसिंहांना पुरस्कार मिळाला. हार वाया जाऊ नयेत अशी सर्वांची भावना होती. नंतर आण्णांनी त्यांची समजूत काढली, की दोष तुमचा नव्हे, उपकरणाचा. गरजेपेक्षा जास्त टिपणारं उपकरण निवडलं गेलं. मंडळाने ताबडतोब उपसमिती नेमली. महिन्याभरात वृषभने नवं मॉडेल आणलं. त्यात शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज आपोआप गाळला जातो. पहिला नग विजयसिंहांनी घेतला. त्यांच्या शेजारची जागा हल्ली रिकामी असते, पण सोय उत्तम चालते असं ते सांगतात.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी ती मन लावून ऐकली, विजयसिंहांना शिव्या दिल्या, आणि शेवटी न चुकता विचारलं, की ते आवाज गाळणारं मॉडेल कोणतं. आकाराम आता चालतो का, असं अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होता, हे धरून सांगतो: नाही, कुबड्या अजून आहेत.