कावळ्याने ठरवलेली गाडी

साडेनऊ वाजले तरी धर्माजींच्या पिंडाला कावळा शिवेना. घोडनदीच्या घाटावर सातशे माणूस मांडी घालून बसलं होतं. प्रवचन उरकलं होतं, तीन पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली होती. त्यातल्या एकाने घाईघाईत दोनदा 'कैलासवासी चिमाजी' म्हटलं होतं आणि धर्माजींचे सख्खे धाकटे भाऊ चिमाजी पहिल्या रांगेत बसून ते मुकाट ऐकत होते. आता फक्त कावळा शिवायचा बाकी होता. तो शिवला की म्हाताऱ्याची कसलीच इच्छा उरली नाही असं समजायचं आणि लोकांनी आपापल्या कामाला लागायचं.

समोरच्या उंबरावर चाळीसेक कावळे होते. त्यांची पोटं भरलेली होती म्हणावं तर तसंही नाही. पलीकडच्या चौथऱ्यावर दुसऱ्या एका गावच्या मयताचा पिंड होता, तो त्यांनी पाच मिनिटांत साफ केला होता. धर्माजींच्या पिंडाकडे मात्र ते मान तिरपी करून बघत आणि पुन्हा पिसं साफ करायला लागत.

लोकांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. पिंडाशेजारी चहाचा कप ठेवून झाला. तंबाखूची पुडी फोडून ठेवली. मंचरच्या स्टँडवरून गरम कांदाभजी आणवली. "भावकीचा बांध सोडला," असं चिमाजींनी हात जोडून सांगितलं, तरी एक कावळा हलला नाही. मग धर्माजींचे मेहुणे बहिरूमामा हळूच म्हणाले, "गाडीचं आसंल, राव."

सगळ्यांनी भरतकडे पाहिलं. भरत म्हणजे धर्माजींचा उरलेला मुलगा. उरलेला अशासाठी, की थोरला सूरज नऊ वर्षांपूर्वी हायवेच्या पुलाजवळ मोटरसायकलवर गेला. त्या दिवसापासून धर्माजींनी घरात गाडीचं नाव काढू दिलं नव्हतं. भरत तेहतीस वर्षांचा बाप्या झाला, त्याची पोरगी समृद्धी चार वर्षांची झाली, पण मंचरच्या मार्केटला जायचं तर तो फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहायचा. आणि त्याच भरतने बाप गेल्याच्या सहाव्या दिवशी, सुतकात, गाडी बुक केली होती.

हे गावाला कळायचं कारण नव्हतं. पण बुकिंग करायला गेला होता चिमाजींचा ऋषी, वय बावीस. त्याने मोबाइलच्या स्टेटसवर आधी काकांचा फोटो लावून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. त्याच्या मागोमाग एकशे साठ सीसीच्या काळ्या गाडीचा फोटो आला, 'लवकरच आपल्या दारी'. दोन्ही स्टेटस सगळ्या गावाने लागोपाठ पाहिले होते.

"भरत, बापाला शब्द दे," चिमाजी म्हणाले. "गाडी घेत न्हाई म्हन."

भरतचं मुंडण केलेलं डोकं उन्हात तापलं होतं. "तेवढं सोडून काय बी मागा तात्या."

"आरं, मी कुठं मागतोय? त्यो मागतोय!" चिमाजींनी उंबराकडे बोट केलं.

शेवटी भरत माइकजवळ गेला. "बाबा," तो म्हणाला, "गाडी हळू चालवीन."

कावळे ढिम्म.

"एकशे साठ सीसी लई व्हतंय त्याला," बहिरूमामा म्हणाले. "नवशिक्याला येवढी पावर झेपती व्हय? कमी कर."

"बाबा, सव्वाशे सीसी घेतो."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. घाटावर कुजबुज झाली. सातशे माणसांत जीव आला.

"शंभर! शंभर म्हन!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शंभर सीसी घेतो बाबा."

कावळा टुणकन चौथऱ्याच्या कडेला उतरला. पिंड आणि त्याच्यात चार हातांचं अंतर राहिलं. गुरुजींनीही घड्याळ बघायचं सोडलं.

"आजून थोडं कमी कर," चिमाजी दबक्या आवाजात म्हणाले.

"त्याच्या खाली सायकल येती, अण्णा," ऋषी बापाला म्हणाला.

"तू गप ऱ्हा. तुझ्यामुळंच झालंय हे सगळं!"

मग ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला आणि भरत ते माइकवरून बापाला कळवू लागला. हेल्मेट घालीन. काळी घेणार नाही, सूरजची काळी होती, पांढरी घेईन. अंधार पडल्यावर काढणार नाही. "आवाज मोठा आसंल आशी घे, उसात बिबट्या हाय," हे एका शेजाऱ्याचं. "मागं किटल्यांना हूक लावीन म्हन," हे चिमाजींचं. भरतला घाई, त्याने तेही म्हणून टाकलं. धर्माजींच्या घरी म्हैस नव्हती. दोन म्हशी चिमाजींच्या होत्या.

"हायवेला नेनार न्हाई म्हन," बहिरूमामा म्हणाले.

"मंग कुठं नेनार मामा? चुलीपासून गोठ्यापत्तोर?"

एवढा वेळ कडेला बसलेला कावळा कंटाळला आणि उडून परत उंबरावर गेला. घाटावर 'अरेरे' झालं.

"बघ! रागावला त्यो!" चिमाजी उठून उभे राहिले. "लोकांची कामं खोळंबल्यात भरत. येका पोराला गाडीनं खाल्लं, आता दुसऱ्याचा हट्ट. कशाला पायजे तुला गाडी? कुठं जायचं राहिलंय तुझं?"

तेव्हा भरत फुटला. माइक तोंडापुढेच होता, त्यामुळे ते नदीच्या पलीकडेही ऐकू गेलं.

"कुठं जायचं राहिलंय? दवाखान्यात जायचं राहिलंय तात्या! त्या दिवशी बाबांच्या छातीत कळ आली. ऋषीची गाडी दारात उभी व्हती, किल्ली गाडीलाच व्हती. ऋषी विहिरीवर पोहायला गेलेला. मी किल्लीकडं बघत बसलो. मला चालवता येत न्हाई. धावत फाट्यावर गेलो, जीप घेऊन आलो, चाळीस मिनटं गेली. डॉक्टर म्हनले, अर्ध्या तासापूर्वी का न्हाई आनलं? काय सांगू मी डॉक्टरला?"

ऋषी खाली मान घालून वाळूत बोट फिरवू लागला. भरतने उपरण्याने नाक पुसलं. लोक उन्हात बसलेत, आई उपाशी बसली आहे, बाप तिकडे अडकून पडला आहे, आणि हे सगळं आपल्यापायी, हे त्याला सोसेना.

"बरं बाबा," तो म्हणाला. "न्हाई चालवत गाडी. कधीच न्हाई चालवत. या आता."

त्याने हात जोडले. सातशे जणांनी उंबराकडे पाहिलं.

कावळा आला नाही.

आता मात्र गुरुजींनी दर्भ हातात घेतला. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तशी सोय आहे. पण तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बयाबाई उठल्या. धर्माजींची बायको, वय अठ्ठावन्न, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. दहा दिवस त्या कुणाशी चार शब्द बोलल्या नव्हत्या. त्या तरातरा चालत आल्या आणि भरतच्या तोंडापुढून माइक काढून घेतला.

"अवो," त्या उंबराकडे बघून म्हणाल्या, "काय चाललंय तुमचं? जलमभर आसंच केलं. भाजीत मीठ घातलं तर खारट, न घातलं तर आळनी. पोरगा चालवतो म्हनला तर तुमी येईना, न्हाई चालवत म्हनला तरी येईना. आता काय मी चालवू गाडी? घ्या! मी चालविते! मी मेले तर मागं रडायला नवरा बी न्हाई! झालं का समाधान?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत एक कावळा उंबरावरून सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली आणि जाताना एक भजंही घेऊन गेला. त्याच्या मागून बाकीचे एकोणचाळीस आले.

"शिवला! शिवला!" सगळा घाट उठून उभा राहिला. लोकांनी हात जोडले, चपला शोधल्या, गाड्यांना किका मारल्या. पाच मिनिटांत घाट अर्धा रिकामा झाला. मग मागे राहिलेल्यांच्या हळूहळू लक्षात आलं की काय होऊन बसलं आहे.

"वहिनी," चिमाजी चाचरत म्हणाले, "तुमी आपलं चुकून बोलला..."

"चुकून न्हाई. रागानं बोलले."

"गुरुजी, रागातला शब्द धरत न्हाईत ना?"

गुरुजींना पुढे ओतूरला दुसरं काम होतं. "शब्द दिला, पिंडाला कावळा शिवला," ते पिशवी आवरत म्हणाले. "आता मागे घेतला तर त्यांना परत यावं लागेल."

धर्माजींनी परत यावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

सुतक फिटल्यावर भरत, ऋषी आणि बयाबाई शोरूमला गेले. "काकी, तुमाला बिनगेरची स्कूटर घेऊ," ऋषी म्हणाला. बयाबाई तिच्यावर बसल्या आणि लगेच उतरल्या. "ही पायाच्या मधी धरताच येत न्हाई. मांड कशी बसायची?" नऊवारीचा काष्टा सारखा करून त्या ओळीने एकेका मोटरसायकलवर बसत गेल्या. सेल्समन मायलेजचं, डिस्क ब्रेकचं, मोबाइल जोडता येतो त्याचं सांगत होता. बयाबाई फक्त आपले पाय बघत होत्या. दोन्ही पावलं जमिनीला पुरती टेकली नाहीत की उतरायचं, पुढची.

सातवी शंभर सीसीची होती, बसकी, पांढरी. पावलं टेकली. त्यांनी ती स्टँडवरून काढली, ढकलत मागे नेली, पुढे आणली. मग मधोमध थांबून शांतपणे ती आडवी करून फरशीवर निजवली.

"अहो मावशी!" सेल्समन किंचाळला.

"पडनारच हाय की मी," बयाबाई म्हणाल्या. "पडल्यावर येकटीला उचलता येती का, ते आत्ता बघाया नको?" त्यांनी पदर खोचला, हँडल धरलं, पाठ लावून गाडी उभी केली. "हीच द्या."

एकशे साठच्या काळ्या गाडीसमोर भरत आईची पिशवी धरून उभा होता. त्याचाही शब्द माइकवरून गेला होता, कधीच नाही चालवत म्हणून. पिंडाला कावळा नक्की कुणाच्या शब्दावर शिवला, याचा निकाल कोण लावणार? त्यामुळे दोघांचेही शब्द पाळायचे, असं भावकीने ठरवलं होतं. पांढऱ्या गाडीला मागे हूकही लावून घेतला.

बटाटा काढलेल्या मोकळ्या वावरात बयाबाई शिकल्या. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा पडल्या आणि अकरा वेळा उचलली. चाळिशीच्या पुढचं म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागलं, तेही आणलं. लायसनच्या कॅम्पात पाय न टेकता इंग्रजी आठाचा आकडा काढला. साहेबाने भरतला विचारलं, "तुमचं लायसन?" भरत म्हणाला, "मी सोबत आलोय."

हायवेच्या त्या पुलावरून बयाबाई नऊ वर्षं एसटीने जायच्या तेव्हा डोळे मिटून घ्यायच्या. भरतला मागे बसवून गाडीवर पहिल्यांदा त्या पुलाजवळ आल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर दोघंही गेली असती. पूल ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हँडलवर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. भरतने पाठीवर हात ठेवला. "हात काढ," त्या म्हणाल्या, "गाडी हालतीय." मग डोळे पुसून पहिला गेर टाकला.

भरतचे मात्र हाल झाले. मार्केटात हमाल विचारायचे, "आज डायवर कुठंय?" लग्नाला गेलं तर मांडवाच्या दारात आई गाडी लावायची आणि हा मागून उतरायचा. बायको अक्षदा तोंडाला पदर लावून हसायची. मार्गशीर्षात एका पहाटे समृद्धीला तापात झटका आला तेव्हा तेवढी हसली नाही. भरत पोरगी छातीशी धरून मागे बसला आणि बयाबाईंनी बावीस मिनिटांत मंचर गाठलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." भरत बाहेर येऊन औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसला आणि खूप वेळ रडला. बापाच्या वेळी हेच शब्द ऐकायचे होते त्याला.

पण म्हणून काय जन्मभर मागेच बसायचं? भरतने वाट बघितली ती वर्षश्राद्धाची. कावळ्यापुढे दिलेला शब्द कावळ्यापुढेच सोडवून घ्यायचा. त्याने महिनाभर मनात वाक्यं जुळवली. बाबा, वर्ष झालं, आई थकली, आता मला मोकळं करा. ऋषीने मोबाइल तयार ठेवला. पुरावा असलेला बरा.

घाटावर तोच चौथरा, तोच उंबर. गुरुजींनी पान मांडलं, वर घास ठेवला. भरत पुढे झाला, हात जोडले, घसा साफ केला.

"बाबा, माझं येक—"

कावळा आला, घास उचलला आणि गेला. सगळं तीन सेकंदांत. ऋषीचं बटणही दाबून झालं नव्हतं.

"काय पटकन शिवला राव!" बहिरूमामांचे डोळे भरून आले. "कसलीच इच्छा ऱ्हायली न्हाई बगा दाजींची."

लोक उठले. भरत हात जोडून, तोंड उघडं ठेवून तिथेच उभा होता. पलीकडे बयाबाईंनी काष्टा खोचला, हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला आणि गाडी चालू केली.

"उरकलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "चल, बस मागं."