पायरीवरचा भाऊ

रक्ताचं नातं: नाही. दवाखान्याच्या पायरीवर सापडलो.

नर्सने फॉर्म दोनदा वाचला आणि धाकट्याच्या नावावर काट मारली. "मग तुमची तपासणी कशाला? वडिलांना पक्षाघात झाला, आता दादांच्या मानेतली शीर अरुंद झालीय. हे घराण्यात उतरतं, म्हणून भावाला बोलावलं. सख्ख्या भावाला!"

"तेच तर," धाकटा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करतो. घाई त्याला ठाऊक नाही. "हा दादा पन्नास वर्षं सांगतोय, तुला पायरीवरून उचललं. मी फक्त लिहून दिलं."

बाकावरचा दादा ताडकन उठला. "अरे गाढवा, थट्टा होती ती!"

"पन्नास वर्षं?"

"झोपेत एक पाय पांघरुणाबाहेर कोण काढतं? बाबा, मी आणि तू!"

"पायरीवर जागा कमी होती. तेव्हापासूनची सवय."

"बाहेर बारा जण ताटकळलेत," नर्स म्हणाली. "काय ते लेखी द्या."

दादाने लिहिलं. खूप वेळ लिहिलं.

हा माझ्या आईच्याच पोटचा. आई त्याला घेऊन घरी आली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पायरीवर मी बसलो होतो. सकाळपासून.

धाकट्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आत गेला.

अंधारी खोली. मानेवर गार जेल. मग यंत्रातून आवाज, सूंऽ... सूंऽ... आपलंच रक्त. त्याचे डोळे मिटले. दुकानातली सगळी घड्याळं पाण्याखाली चालू लागली. वर, पाण्याबाहेर, एक पायरी. तिच्यावर एक मुलगा, कुणाची तरी वाट बघणारा. धाकटा हळूहळू त्याच्याकडे तरंगत निघाला, आणखी थोडं, आणखी...

"उठा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिरा एकदम मोकळ्या. सगळ्याच भावंडांत उतरतं असं नाही. रक्तदाब मात्र सांभाळा."

दारात दादाची एक भुवई उगवली. "पन्नास वर्षं मी काय म्हणत होतो? पायरीवरचाच!"

धाकटा पुन्हा आडवा झाला. "बाई, नीट बघा ना. थोडंसं तरी अरुंद असेल. डावीकडे?"

बाहेर दादापुढे उद्याच्या शस्त्रक्रियेचा फॉर्म आला. जवळचे नातेवाईक: भाऊ, त्याने लिहिलं. सख्खा.

मग कुजबुजला, "मी शुद्धीवर येईपर्यंतच हं."